हातच्याची वजाबाकी डोक्यात शिरत नाहीये, हाताने करून शिकवताय का कोण?

तिसरीच्या_बाई: नमस्कार मंडळी, करवीर तालुक्यात झेडपी शाळेवर आहे, तिसरी, पट २३. गणिताचा तास आला की निम्मी पोरं खिडकीतनं ऊसाच्या ट्रॅक्टरकडं बघत बसतात. चार दिवस फळ्यावर घेऊन ५२ वजा २७ दिलं तर बारा जणांनी ३५ लिहिलं, म्हणजे ७ मधनं २ काढून मोकळे! साहित्याची पेटी आहे पण मोडेल म्हणून कुलपात. खर्च न करता काय करू?

पाटीपेन्सिल: बाई, आधी ते कुलूप काढा, मोडलं तर मोडूदे. खराट्याच्या काड्या घ्या, दहा-दहाचे गठ्ठे रबरानं बांधा, ५ गठ्ठे नि २ सुट्ट्या पोराच्या हातात द्या आणि म्हणा २७ दे मला. सात सुट्ट्या नाहीतच, ते जरा वेळ तुमच्या तोंडाकडं बघतंय आणि मग आपणच एक रबर सोडतंय. तोच हातचा. फक्त तुम्ही सोडू नका, मी पहिल्या वर्षी टेबलावर स्वतःच मांडून दाखवायचो, फळ्याच्या जागी टेबल आलं एवढंच.

रंकाळाकाठी: पालक म्हणून एक विनंती, प्रोजेक्ट घरी देऊ नका हो. रविवारी रात्री अकराला थर्माकोल मी कापतोय आणि लेक ढाराढूर.

गुळाची_ढेप: आम्ही चौथी गावातल्याच गुऱ्हाळावर नेली, काहिलीपासनं, म्हणजे रस उकळायच्या मोठ्या कढईपासनं, लांब दोरी बांधून. रस ओतल्यापासनं गूळ उतरेपर्यंत घड्याळ लावलं, भेंडीचं पाणी टाकल्यावर रसातली घाण, मळी, कशी वर येते ते बघितलं, दहा किलो ऊसाला साधारण किलोभर गूळ तर एका ढेपेला ऊस किती, हे तिथंच मातीत काडीनं. वर्गात कधी तोंड न उघडणारं एक पोरगं, बाप गूळ करणारा गुळव्या, ते सगळ्यांना सांगत होतं की पाक गार पाण्यात टाकून गोळी झाली की काहील उतरायची. लई भारी वाटलं. पण खरं सांगू, मोजलेलं वहीत उतरवून घेतलं नाही तर गूळ खाऊन परत, एवढीच सहल होते.

तिसरीच्या_बाई: आज काड्या केल्या. पहिली वीस मिनिटं नुसता दंगा, दोघांनी तलवारी केल्या. मग मात्र ५२ वजा २७ सतरा जणांचं बरोबर आलं. एकानं दहा गठ्ठे मिळून एक मोठा गठ्ठा बांधला आणि विचारतोय, "बाई, १०० मधनं १ काढायचा तर रबरं किती सोडायची?" मी सांगितलं नाही, बसलाय सोडत. रबरं संपली, उद्या दुकानातनं आणायची आहेत.