डिप्रेसिव्ह ब्लॅक मेटल: धुकं हवंय, चिखल होतोय

धूसर_रात्र
ॲटमॉस्फेरिक डिप्रेसिव्ह ब्लॅक मेटलमध्ये (संथ, उदास, धुरकट मेटल संगीत) दोन-तीन कॉर्ड दहा दहा मिनिटं फिरतात, तरी कंटाळा येत नाही, उलट डोकं शांत होतं. हे कशामुळे? आणि तसं रेकॉर्ड करायला गेलं की नुसता चिखल का? सेटिंग: एक गिटार, गेन (आवाज फाटण्याची मात्रा) ९, रिव्हर्ब म्हणजे घुमाऱ्याचं पेडल डिस्टॉर्शनच्या (आवाज फाडणाऱ्या पेडलच्या) आधी, डिके, म्हणजे घुमारा विरायला लागणारा वेळ, ६ सेकंद. गाणाऱ्याच्या आवाजावरही तेवढाच रिव्हर्ब.

तिसरी_तार
चिखल पेडलच्या जागेमुळे. रिव्हर्ब आधी असला की त्याची विरत जाणारी शेपटीही डिस्टॉर्शनमध्ये दाबली जाऊन वर येते, आणि मागचा कॉर्ड पुढच्यावर सांडतो. रिव्हर्ब डिस्टॉर्शननंतर, वेगळ्या सेंडवर (मिक्सरमधल्या वेगळ्या वाटेवर) घ्या. त्यावर ३०० हर्ट्झला हाय-पास (त्याखालचं गाळणारा फिल्टर), डिके ३-४ सेकंद पुरे. जाडी हवी तर रिफ (पुन्हा पुन्हा येणारा तुकडा) दोनदा वाजवा, एक टेक (एका वेळचं रेकॉर्डिंग) पूर्ण डावीकडे, दुसरा उजवीकडे. एकच टेक कॉपी करून काही होत नाही. रुंदी दोन टेकमधल्या बारीक चुकांतून येते.

गेन ५ वर आणा. का, ते हा कॉर्ड वाजवून बघा: जाड तारेपासून ०-२-४-०-०-०, म्हणजे ई मायनर ॲड ९. चौथ्या तारेवर एफ शार्प, १८५ हर्ट्झ; शेजारची मोकळी जी १९६. दोन्ही घासतात आणि सेकंदाला ११ वेळा थरथर होते. ती बोच म्हणजेच हा मूड. गेन ९ वर तिची घरघर होते. पुढचा कॉर्ड जाड तार सोडून ३-२-०-०-०. पातळ तीन तारा तशाच वाजत राहतात, खालची जमीन तेवढी सरकते.

राख_धूर
कंटाळा का येत नाही, याचं उत्तरही त्या तशाच वाजत राहण्यात आहे. १०० बीपीएमला (मिनिटाला १०० ठोके) चार बारचा, म्हणजे सोळा ठोक्यांचा रिफ ९.६ सेकंदांचा, आठ फेऱ्या म्हणजे सव्वा मिनिट. दोन-तीन फेऱ्यांत कानाला पुढचा कॉर्ड कळतो, मग लक्ष सुरावरून पोतावर जातं. आता एक सूर बदलला तरी दार उघडल्यासारखं वाटतं. म्हणून बदल एका वेळी एकच. ड्रम, बेस, कीबोर्ड एकदम आणले की सगळं वाया.

किंकाळीही इथे शब्द म्हणून नाही, वाद्य म्हणून येते. ती लांबून यायला हवी असेल तर प्री-डिले (मूळ आवाज आणि घुमारा यांमधला वेळ) ० ते १० मिलिसेकंद. ६० ठेवलात तर गाणारा कानाशी आणि खोली त्याच्या मागे, मग रिव्हर्ब कितीही ओता. कोरडा, म्हणजे रिव्हर्ब नसलेला आवाज कमी करा.

तिसरी_तार
आणि लो-फाय, म्हणजे मुद्दाम खडबडीत ठेवलेलं रेकॉर्डिंग, हा निष्काळजीपणा नव्हे. बुर्झम या एका माणसाच्या ब्लॅक मेटल बँडचा 'फिलोसोफेम' हा अल्बम १९९३ मध्ये रेकॉर्ड झाला, आला १९९६ मध्ये. (त्या माणसाची मतं किळसवाणी आहेत, इथे बोलणं फक्त आवाजाबद्दल.) गिटार फझमधून (खरखरीत डिस्टॉर्शनच्या पेडलमधून) घरगुती स्टिरिओच्या अँपवर, गाण्यासाठी साधा हेडसेट माइक. तरी प्रत्येक रिफ वेगळा ऐकू येतो, कारण वाजवणं संथ आणि कॉर्ड सुटे.

धूसर_रात्र
रिव्हर्ब मागे नेला, कॉर्ड सुटे झाले. पण आता वरती सूं-सूं फार आहे. कॅब (गिटारच्या स्पीकरचं खोकं) वापरत नाही, गिटार थेट इंटरफेसमध्ये (संगणकाला जोडणाऱ्या यंत्रात).

तिसरी_तार
मग तेच कारण. गिटारचा स्पीकर साधारण ५-६ किलोहर्ट्झच्या वरचं स्वतःच गाळतो, तुमच्याकडे गाळणारं कोणी नाही. कॅब सिम्युलेशन (त्या स्पीकरची नक्कल करणारं सॉफ्टवेअर) लावा, नाहीतर ७ किलोहर्ट्झला लो-पास (त्यावरचं गाळणारा फिल्टर). पूर्ण काढू नका, थोडी सूं-सूं या संगीताला लागतेच.