थंडीत इलेक्ट्रिक कारचा पल्ला का घटतो?

प्रश्न (खानापूर): डिसेंबरात पहाटे बेळगावमार्गे कोल्हापूरला निघालो की कारचा पल्ला उन्हाळ्यापेक्षा कमी भरतो. बॅटरी खराब होत असेल का?

उत्तर (निपाणी): एवढ्यावरून तसे म्हणता येणार नाही. थंडीत लिथियम-आयन बॅटरीतील रासायनिक क्रिया मंदावते व अंतर्गत रोध वाढतो, त्यामुळे साठवलेली सर्व ऊर्जा हाती लागत नाही. बॅटरी उबदार झाली की ही घट भरून निघते.

उत्तर (बेळगाव): माझ्या मते मोठा भार हीटरचा आहे, कारण पेट्रोल गाडीत इंजिनाची वाया जाणारी उष्णता वापरली जाते, इथे मात्र ती बॅटरीतूनच घ्यावी लागते. चार्जर जोडलेला असतानाच केबिन उबदार करून निघावे. ० अंशाखाली चार्जिंग केल्यास बॅटरीला इजा होऊ शकते, पण आपल्याकडे तेवढी थंडी पडत नाही.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. उद्या हीटर बंद ठेवून पाहतो.