विषय: इंग्लंडमध्ये स्विंडनला घर मांडायचे आहे, सेकंड-हॅन्ड सामान ऑनलाइन घेताना काय बघावे?

प्रेषक: सु., डिचोली

नमस्कार मंडळी,

मुलगी आणि जावई पुढच्या महिन्यात स्विंडनला जातात. भाड्याचे घर ठरले आहे, पण ते अनफर्निश्ड आहे. पलंग, गादी, सोफा, वॉशिंग मशीन, नातवासाठी (वय ३) गाडीतली सीट, सगळे तिथे गेल्यावरच उभे करायचे. जावई गमट्री (तिथली जाहिरातींची साइट) आणि फेसबुक मार्केटप्लेसवर आतापासूनच शोधतो आहे. एका सोफावाल्याने ५० पौंड आगाऊ पाठवा, राखून ठेवतो, असे कळवले आहे. इथून पाठवावेत का? आणि मिक्सर नेऊ द्यावा की तिथे घ्यावा? तिथल्या जाणकारांनी कृपया सांगावे.

*

प्रेषक: प्र., स्विंडन (मूळ म्हापसा)

ताई, ५० पौंड अजिबात पाठवू नका. सोफा खरा असला तरीही नको.

ब्रिटनमध्ये बँकेतून पाठवलेले पैसे काही क्षणांत समोरच्याच्या हातात पडतात. पाठवताना बँक खातेदाराचे नाव जुळते का ते दाखवते, पण नाव जुळले म्हणजे सोफा आहे असे होत नाही. ७ ऑक्टोबर २०२४ पासून फसवणुकीने गेलेले पैसे ब्रिटिश बँकांना परत करावे लागतात, मात्र तो नियम ब्रिटनमधल्या एका खात्यातून दुसऱ्या खात्यात गेलेल्या पैशांना लागू आहे. डिचोलीच्या बँकेतून गेलेले पैसे त्यात बसत नाहीत. शिवाय वस्तू खरोखर मिळाली आणि ती फक्त खराब निघाली, तर तो तंटा तुमचा तुम्हीच सोडवायचा. पेपालवर 'फ्रेंड्स अँड फॅमिली'ने पाठवा असे कोणी म्हटले तर तिथेच थांबा, त्या मार्गाला खरेदीदाराचे संरक्षण नाही. वस्तू बघायची, चालवायची, मग दारातच पैसे द्यायचे.

विकणारा कोण आहे हे आधी ओळखावे. दुकानदाराकडून घेतलेल्या जुन्या वस्तूलाही २०१५ चा ग्राहक कायदा लागतो. दोष निघाला तर ३० दिवसांत परत करून पूर्ण पैसे मागता येतात. घरगुती विक्रेत्यावर मात्र एवढेच बंधन, की वस्तू त्याने वर्णन केल्यासारखी हवी. म्हणून प्रश्न फोनवर न विचारता मेसेजमध्ये विचारावेत: 'स्पिन होते का? पाणी गळते का? काही दुरुस्ती झाली आहे का?' उत्तरांचे स्क्रीनशॉट ठेवावेत. विक्रेत्याच्या बाकीच्या जाहिरातीही उघडून बघाव्यात. चार वॉशिंग मशीन विकायला काढणारा माणूस घर बदलत नसतो, धंदा करत असतो. 'स्पेअर्स ऑर रिपेअर' लिहिलेले काहीही घेऊ नये, ती वस्तू बंद पडलेली आहे असाच त्याचा अर्थ.

पहिले वॉशिंग मशीन मी तरी ब्रिटिश हार्ट फाउंडेशन या धर्मादाय संस्थेच्या फर्निचर आणि इलेक्ट्रिकल दुकानातून घ्या म्हणेन. विजेची वस्तू तिथे तपासून विकतात आणि पैसे भरले की घरपोच आणतात. खासगीत घ्यायचे असेल तर विक्रेत्याला नळ जोडलेला ठेवायला सांगा आणि रिन्स-स्पिन लावून बघा. स्पिनच्या वेळी दगड भरडल्यासारखा घरघराट आला तर बेअरिंग गेले. मशीन बंद असताना ड्रमची कड हाताने वर उचलून बघा. बाहेरच्या टबाला सोडून ड्रम एकटाच खडखडत हलला तरी तेच. अनेक नव्या मॉडेलांत टब जोडून सीलबंद केलेला असतो, त्यामुळे एका बेअरिंगसाठी अख्खा टब बदलावा लागतो आणि तो खर्च मशीनच्या किमतीवर जातो. दाराच्या रबराची घडी उलटून काळी बुरशी आणि चीर बघावी. मशीन उभेच आणावे. मूळ ट्रान्झिट बोल्ट (वाहतुकीत ड्रम घट्ट धरणारे) असतील तर मागून घ्यावेत. ते नसतील तर ड्रम हलणार नाही असे पॅकिंग कोंबावे, नाहीतर व्हॅनमध्ये ड्रम आपटून सस्पेन्शन तुटते. घरी आणून चालवण्याआधी बोल्ट काढायला विसरलात तर मशीन नाचत पुढे येते. फ्रिज आडवा आणला असेल तर दुसऱ्या दिवसापर्यंत उभा ठेवून मगच चालू करावा, कॉम्प्रेसरमधले तेल नळ्यांत गेलेले असते.

पलंगाची गोष्ट वेगळी. ब्रिटिश डबल १३५ × १९० सेंटिमीटर, आयकियाचा डबल १४० × २००. ब्रिटिश किंग १५० × २००, आयकियाचा १६० × २००. दोन्हीकडे नाव तेच. एकाचा सांगाडा आणि दुसऱ्याची गादी घेतली की कडेला फट राहते किंवा गादी बसतच नाही. जाहिरातीतल्या शब्दावर जाऊ नका, आतल्या मापाचा आकडा मागा. सांगाडा सुटा केलेला असेल तर सगळे बोल्ट आणि मधला आधार एकत्र ठेवून फोटो मागवा. हरवतात ते हेच. गादी मात्र नवीन घ्या. ढेकूण शिवणीत लपतात आणि फोटोत दिसत नाहीत. सांगाड्याच्या सांध्यांतही काळे ठिपके बघून घ्या.

सोफ्याला आगप्रतिबंधक कापडाचे लेबल लागते, १९८८ चे नियम आहेत. गादीखाली किंवा बुडाला शिवलेले असते. ते कापून टाकलेले असेल तर पुढे धर्मादाय दुकान तो सोफा फुकटही घेत नाही, आणि नगरपालिकेकडून उचलून न्यायला बहुधा पैसे भरावे लागतात.

भावाबद्दल थोडेसे. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारासारखी निम्म्यापासून सुरुवात केलीत तर इथे उत्तरच येत नाही. 'आज संध्याकाळी येऊन नेतो, रोख देतो' असा मेसेज जास्त चालतो. महिनाअखेरीस भाडेकरू घर सोडतात आणि त्यांना घर रिकामे करायचे असते. तेव्हा भाव उतरतात. फ्रीगल आणि फ्रीसायकल या साइट्सवर तर टेबल-खुर्च्या फुकटही मिळतात, फक्त न्यायला वेळेवर जायला हवे.

*

प्रेषक: दि., वास्को

विजेचे मी सांगतो. आपल्याकडे आणि ब्रिटनमध्ये दोन्हीकडे २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. मिक्सर खुशाल न्या, खोबऱ्याचे वाटण तिथल्या ब्लेंडरमध्ये मनासारखे होत नाही. (अमेरिकेला जाणाऱ्यांनी हे धरू नये, तिथे १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झ आहे.)

बदलतो तो प्लग. ब्रिटिश प्लग बीएस १३६३ या मानकाचा, चपट्या तीन पिनांचा, आणि त्याच्या पोटात फ्यूज असतो: ३, ५ किंवा १३ अँपिअर. ७५० वॅटचा मिक्सर साधारण ३.३ अँपिअर घेतो, म्हणून ३ चा फ्यूज उडू शकतो. ५ चा घाला. १३ चा घातला तर मिक्सर चालेल, पण पातळ वायर तापली तरी फ्यूज उडणार नाही. फ्यूज वायरीला वाचवण्यासाठी असतो. ट्रॅव्हल अडॅप्टरवर रोजचे वाटण करू नका, सैल पिना तापतात. नवीन प्लग बसवा: तपकिरी वायर फ्यूजच्या बाजूला, निळी न्यूट्रलला, हिरवी-पिवळी वरच्या मोठ्या पिनेला. आपल्या जुन्या वायरींत तेच अनुक्रमे लाल, काळा, हिरवा.

जुनी वस्तू घेताना प्लग हातात घेऊन बघा. खालच्या दोन पिनांचा प्लगकडचा अर्धा भाग काळ्या प्लास्टिकने झाकलेला हवा. तो नसेल तर प्लग फार जुना तरी आहे किंवा बनावट. पिनांजवळ तपकिरी डाग दिसला तर वस्तू सोडून द्या. मॉडेल नंबर विचारून 'इलेक्ट्रिकल सेफ्टी फर्स्ट'च्या साइटवर ते मॉडेल परत मागवले आहे का ते बघा, विशेषतः टम्बल ड्रायरचे. शेगडी-ओव्हन स्वतः जोडू नका. विजेच्या मोठ्या कुकरला बहुधा वेगळी ३२ अँपिअरची लाइन लागते, आणि गॅस जोडायला 'गॅस सेफ' नोंदणी असलेलाच माणूस लागतो.

*

प्रेषक: सु., डिचोली

प्र.भाई, दि.बाब, देव बरे करो. ५० पौंड थांबवले. गाडीतल्या सीटचे आणि फोनचे कोणी सांगेल का?

*

प्रेषक: मे., लेस्टर (मूळ फोंडा)

ताई, सीट नवीनच घ्या. अपघातात एकदा धक्का बसलेल्या सीटच्या आतला फोम किंवा सांगाडा तडकलेला असू शकतो आणि वरून काही दिसत नाही. विकणाऱ्यालाही ते ठाऊक असेलच असे नाही. मूल १२ वर्षांचे किंवा १३५ सेंटिमीटर उंच होईपर्यंत, यांतले जे आधी होईल तोपर्यंत, कायद्याने सीट लागते. तिच्यावर वर्तुळातले मोठे 'ई' अक्षर आणि आर ४४ किंवा आर १२९ असा शिक्का हवा. तिथून नेणार असाल तर आधी तो शिक्का बघा.

फोन घेताना *#०६# दाबून आयएमईआय (त्या फोनचा स्वतःचा नंबर) बघावा. तो चेकमेंड या साइटवर घालून चोरीचा आहे का ते कळते, थोडे पैसे पडतात. विक्रेत्यासमोर फोन पूर्ण रीसेट करून परत चालू करा. जुन्या मालकाचा पासवर्ड मागितला तर घेऊ नका. इथली ३जी सेवा बंद झाली आहे, म्हणून ४जीवर कॉल लागतो का हे आपले सिम घालून बघावे.

*

प्रेषक: प्र., स्विंडन

ताई, एक राहिले. घराच्या एजंटकडून आजच मापे मागवायला सांगा: पुढच्या दाराची आणि आतल्या दारांची रुंदी (आतली बरीचशी ७६ सेंटिमीटरची असतात), जिन्याची रुंदी, जिन्याच्या वळणावरची उंची आणि वॉशिंग मशीनची मोकळी जागा (मशीन साधारण ६० रुंद, ८५ उंच). सोफ्याची उंची किंवा खोली, यांतली एक तरी दारापेक्षा कमी हवी. तशी नसेल तर पाय सुटतात का ते विक्रेत्याला विचारायचे, व्हॅन ठरवण्याच्या आधी.