मदत हवी आहे: चितळांसाठी कुरण करायचंय, कोणतं गवत लावावं?

नमस्कार मंडळी. आमचं गाव ब्रह्मपुरी तालुक्यात, जंगलाला लागून. ग्रामसभेला २००६च्या कायद्याखाली सामूहिक वनहक्क मिळालाय. त्यातल्या पाचेक एकर जागेत चितळांसाठी कुरण करायचं ठरतंय. धान लोंबीवर आला की कळप बांध्यांत, म्हणजे धानाच्या शेतांत, उतरतात, रात्र रात्र जागल करावी लागते. पण जंगलात तरोटा आणि रानतुळस इतकी माजलीय की चरण्याजोगं गवत उरलेलंच नाही. मग ती जनावरं जाणार कुठे? नुसतं हाकलत राहणं मनाला पटत नाही. ताडोब्यात जामणी, नवेगाव ही गावं उठल्यावर तिथल्या शेतांची कुरणं झाली, ती पाहून हे सुचलं.

जागा मुरमाड, उताराची. खालच्या अंगाला बोडी (छोटं तळं) आहे, तिथली माती काळी, ओल धरणारी. मारवेल आणि पवना मनात आहे. कुसळी आपोआप येते, ती ठेवावी का? एक बियाणेवाले नेपियर आणि सुबाभूळ घ्या म्हणतात, मला वनजमिनीत ते नको वाटतं. आणि बी फेकावं की ठोंबं लावावीत? पाऊस तोंडावर आलाय. बोडीपलीकडे लगेच बांध्या आहेत, हेही सांगून ठेवतो.

प्रतिसाद:
दादा, गवताआधी जागा बदला. पाणी आणि चारा बांध्यांना खेटून दिलात तर कळप सरळ धानात जाईल, आणि कळपामागे वाघ येईल. कुरण आतल्या अंगाला घ्या. चितळाला चरायला मोकळं लागतं, पण पळायला झाडोरा जवळ हवा, म्हणून लांबट पट्टा ठेवा.

मारवेल भारी जमिनीत, पवना मुरमावर. कुसळी कोवळी असते तोवर खातात, कुसळं धरली की तोंड लावत नाहीत, फुलोऱ्याआधी कापा. नेपियर, सुबाभूळ नकोच, सुबाभूळ एकदा पसरली की आवरत नाही. चाऱ्याची ज्वारीही नको, पाण्याचा ताण पडलेल्या कोवळ्या ज्वारीत विष तयार होतं. मोह, बोर, आवळा यांना हात लावू नका. उन्हाळ्यात गवत वाळलं की गळलेली फुलं आणि फळंच आधार देतात.

बी हलकं असतं, वाऱ्यापाण्याने जातं. जवळच्या धुऱ्यावरची ठोंबं काढून पहिल्या चांगल्या पावसानंतर दोन-दोन फुटांवर लावा. तरोटा फुलावर यायच्या आत उपटा, आणि हे पुढची काही वर्षं करावं लागेल, कारण त्याचं बी मातीत पडून राहतं. पहिला पावसाळा बोराटीच्या काट्या लावून गुरं आणि चितळं दोन्ही बाहेर ठेवा. मुळं धरण्याआधी चरलं गेलं तर सगळी मेहनत वाया. वनरक्षकांनाही आधीच सांगा.

मूळ धागाकर्ता:
खूप आभार. मग बोडीची जागा सोडतो. आत नाल्याकाठी मोकळा पट्टा आहे, पण नाला उन्हाळ्याआधीच आटतो. तिथे सौर पंपावर पाणवठा चालवलेलं कुणी आहे का इथे? देखभाल गावाला झेपते का, तेवढं सांगा.