वडील गेल्यापासून खर्ज लागत नाही. रियाज थांबवावा का?

प्रश्न : विद्यार्थिनी, अमळनेर
मी नऊ वर्षांपासून ख्याल शिकत आहे. शाळेतली नोकरी सांभाळून आठवड्यातून दोनदा रेल्वेने जळगावला गुरुजींकडे जाते आणि घरी पहाटे पाचला रियाजाला बसते. तानपुरा मात्र नेहमी वडीलच जुळवून देत. ते स्वतः गात नसत, पण खर्जाची, म्हणजे सगळ्यात खालच्या ‘सा’ची, तार त्यांच्या कानाला पटेपर्यंत मला षड्ज लावू देत नसत. फाल्गुनात ते गेले. तेव्हापासून मंद्र पंचमाच्या (खालच्या सप्तकातल्या ‘प’च्या) खाली उतरले की आवाज थरथरतो आणि पुढे रडूच येते. दुःखाने गाणे पिकते, असे ओळखीचे लोक सांगतात. माझे तर होते तेही नासत चालले आहे. रियाज रेटावा की काही महिने बंद ठेवावा?

उत्तर : तापीकाठ, चोपडा
१२ मार्च १९११ रोजी, ‘मानापमान’च्या पहिल्याच प्रयोगाच्या दिवशी बालगंधर्वांची तान्ही मुलगी गेली, तरीही ते रंगभूमीवर उभे राहिले. खंड पडू देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

उत्तर : पेटीवादक, भुसावळ
प्रसंग खरा आहे, पण तो इथे लागू पडत नाही. त्या रात्री संपूर्ण नाटक मंडळी त्यांच्यावर विसंबून होती. ताईंसमोर पहाटे पाचला कोणी तिकीट काढून बसलेले नसते. मला कुमार गंधर्वांची आठवण होते. क्षयाने एक फुप्फुस निकामी झाले, १९४८ साली ते देवासला राहायला आले आणि काही वर्षे गाण्याची मनाईच होती. त्या काळात अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांनी माळव्याची लोकगीते ऐकली, आणि पुन्हा गाऊ लागल्यावर त्यांच्या बंदिशींत ती ऐकू येऊ लागली. माझी पत्नी गेली तेव्हा मी चार महिने पेटीचा भाता उघडला नाही, भजनी मंडळात नुसता टाळ धरून बसत असे. (दुःखाने गाणे पिकते म्हणणाऱ्यांपैकी किती जणांनी तासभर एक स्वर लावून पाहिला आहे, हेही कधी विचारावे.)

उत्तर : तंतुवाद्यांची दुरुस्ती करणारा, धुळे
गळ्याला दोष देण्याआधी तानपुरा पाहा. आपल्याकडच्या वैशाखातल्या कोरड्या उन्हाने लाकूड आकसते, खुंट्या घसरतात आणि जुळवलेला खर्ज थोड्याच वेळात उतरतो. उतरलेल्या तारेवर गाणारा गळा स्वर शोधत भरकटणारच. खुंटी काढून तिला खडू घासा, घोडीवर तारेखाली घातलेला, नादात गुंजन आणणारा जवारीचा दोरा जागेवर आहे का ते बघा आणि बारीक फरक तारेत ओवलेल्या मण्याने काढा. शक्य झाल्यास आठवडाभर गाऊ नका, केवळ जुळवत बसा. हे काम आजवर तुम्ही केलेलेच नाही, असे प्रश्नावरून दिसते.

प्रश्नकर्तीचे उत्तर
सर्वांची आभारी आहे. शाळेतलाच खडू घासला. आज गायले नाही. खर्ज जुळवण्यातच पाऊण तास गेला. तो जुळला असे वाटून मी खुंटीवरचा हात काढला, तेव्हा गाण्याविषयी आजवर अवाक्षरही न काढलेली आई स्वयंपाकघरातून म्हणाली, “अजून जराशी चढव, त्यांना एवढ्यावर चालत नसे.”