मदत हवी आहे: मामांचा पूल हॉल मरणपंथाला लागलाय, काय करू?

नमस्कार मंडळी,

इतकी वर्षं वाचनमात्र होतो. पहिलाच धागा आहे, सांभाळून घ्या.

माझ्या मामांचा पूल हॉल आहे, म्हणजे टेबलावर काठीने बॉल घालायच्या खेळाचा. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून त्यांना टेबलाभोवती फिरणं जमत नाही, म्हणून हॉल आता माझ्या गळ्यात आहे. चार टेबलं आहेत. तीन पूलची आणि एक पूर्ण मापाचं स्नूकरचं. मी लहान असताना फळ्यावर खडूने नाव लिहून नंबराची वाट बघावी लागायची. आता फळा तसाच आहे, त्यावर शेवटचं नाव कोणाचं आणि कधीचं, ते मामांनाही आठवत नाही.

हाती घेतल्यावर पहिले तीन आठवडे मी काहीच केलं नाही, नुसता बसून पाहिलं. नवीन पोरं येतच नाहीत असं अजिबात नाही. येतात, पण पुन्हा येत नाहीत. एक दिवस दोघं आले. एकाला बरं खेळता येत होतं, दुसरा पहिल्यांदाच क्यू (खेळायची काठी) हातात धरत होता. पहिल्याने ब्रेक केला आणि ओळीने पाच बॉल घातले. दुसरा क्यूच्या टोकाला खडू लावत उभा. पाळी आली, एक चुकीचा फटका, की परत उभा. मग खुर्चीत बसला. निघताना त्याची बोटं निळी झाली होती. मी मोजलं, अर्ध्या तासात त्याचा क्यू पांढऱ्या बॉलला नऊ वेळा लागला. आणि आमच्याकडे पहिल्यापासून नियम आहे, हरेल त्याने टेबलाचं भाडं भरायचं. म्हणजे बसलाही तोच आणि पैसेही त्यानेच दिले.

तो पुन्हा आला नाही. जिंकलेला एकदा एकटाच येऊन गेला, मग तोही बंद.

घरात मतं अशी: मामेभाऊ म्हणतो, स्नूकरचं टेबल काढ आणि तिथे व्हिडिओ गेमची यंत्रं लाव, नाहीतर दोन छोटी पूल टेबलं टाक. मामांच्या समोर हा विषय काढायची सोय नाही. त्यात ते टेबलही धड चालत नाही, हळू सोडलेला बॉल शेवटी शेवटी वाकडा जातो. नवीन कापड घालावं का? आणि खरं सांगा, या खेळाला पुढे काही भवितव्य आहे, की मी मामांच्या प्रेमापोटी बुडीत खातं ओढतोय?

– कोपऱ्यातला बॉल

---

निवृत्त मार्कर

भाचेबुवा, कापडाचं आधीच ठरवू नका. आधी बॉल बोलू द्या. टेबलाच्या लांबीला, कुशनपासून (टेबलाच्या रबरी काठापासून) वीतभर आत, बॉल अगदी मरतुकडा सोडा. मग त्याच रेषेवर समोरून उलटा सोडा. दोन्ही वेळा तो एकाच भिंतीकडे वळला, तर दोष लेव्हलचा. तसं असेल तर नवं कापड घातलं तरी तो तसाच जाणार.

पूर्ण मापाच्या टेबलाची स्लेट (कापडाखालचा दगडी पाटा) बहुतेक पाच तुकड्यांत असते, खाली आठ पाय. वर्षानुवर्षं जमीन थोडी थोडी दबते, मग एखादा सांधा वर येतो. हे काम जाणत्या माणसाकडूनच करून घ्या. पायाखाली पुठ्ठे सारून करायचं हे काम नाही.

आणि ब्रश कसा मारता? स्नूकरच्या कापडाला लव असते. बॉक लाइनच्या (जिथून डाव सुरू होतो त्या रेषेच्या) बाजूने काळ्या बॉलच्या बाजूकडे, एकाच दिशेने. आधी ब्रश, मग इस्त्री, तीही त्याच दिशेने. पोऱ्याला सांगितलं की तो घर झाडल्यासारखा चारी बाजूंनी मारतो, हे मी आयुष्यभर पाहिलंय. पूलच्या कापडाला लव नसते, त्यावर इस्त्री नको. धूळ ओढून घ्या, बस.

---

हिशेबनीस

मामेभावाच्या म्हणण्याचा हिशेब मांडून पाहिला. क्यू ५८ इंचांचा धरला तर पूर्ण मापाच्या स्नूकर टेबलाला साधारण २२ × १६ फूट जागा लागते. सात फुटी पूल टेबलाचं खेळायचं मैदान ७६ × ३८ इंच. दोन टेबलं शेजारी ठेवून मधली वाट सामाईक धरली तर २० फूट १० इंच × १६ फूट. म्हणजे कागदावर दोन टेबलं बसतात, अगदी चपखल.

पण फक्त कागदावर. मधल्या ५८ इंचांत दोन खेळाडू पाठीला पाठ लावून वाकले की एकाचा क्यू दुसऱ्याच्या बरगडीत. प्रत्येक फटक्याला "आधी तुम्ही" होणार. शिवाय तुमच्याकडे आधीची तीन पूल टेबलंच रिकामी आहेत ना? मग आणखी दोन कशाला?

---

लांबचा पॉट

धागाकर्त्याने दुखणं स्वतःच लिहून ठेवलंय, फक्त ते टेबलात शोधतोय. दुखणं त्या खुर्चीत आहे.

थोडा इतिहास सांगतो, विषयाला धरूनच आहे. एकेकाळी तीन बॉलचा बिलियर्ड्स हाच मोठा खेळ होता, स्नूकर म्हणजे मधल्या वेळचा विरंगुळा. मग वॉल्टर लिंड्रम आला. कुशनच्या कडेला तीन बॉल जवळजवळ ठेवून तो हलक्या हाताने कॅननवर कॅनन (एकाच फटक्यात आपला बॉल बाकीच्या दोन्हींना लावणं) काढत राहायचा. १९३२ साली लंडनमध्ये त्याने एकाच पाळीत ४,१३७ गुण केले. जवळजवळ तीन तास! समोर खुर्चीत बसून होता जो डेव्हिस, स्वतः जगज्जेता माणूस. तोही काही करू शकत नव्हता. नियम बदलून पाहिले, तरी काही वर्षांतच व्यावसायिक बिलियर्ड्सची जागतिक स्पर्धा थंडावली. त्याच जो डेव्हिसने १९२७ मध्ये स्नूकरची पहिली जागतिक स्पर्धा जिंकली होती, आणि लोक तिकडे वळले.

इतकं कौशल्य असूनही बघणारा कंटाळला, कारण समोरचा खेळतच नव्हता. तुमच्या हॉलमध्ये छोटा लिंड्रम आणि छोटा डेव्हिस रोज बसतात. फरक एवढाच, की डेव्हिसला वर टेबलाचं भाडं भरावं लागत नव्हतं.

पहिलं काम: 'हरेल तो भरेल' बंद करा. भाडं निम्मं-निम्मं.

---

फाऊल चार

असहमत. आम्ही हरत हरत, पैसे भरत भरतच शिकलो. पैसे जायला लागले की माणूस मन लावून खेळतो. सगळं गुळगुळीत करून ठेवलं तर घडणार कोण?

---

लांबचा पॉट

@फाऊल चार, तुम्ही घडलात हे मान्य. तुमच्याबरोबर पहिल्या दिवशी आलेले बाकीचे कुठे आहेत?

---

फाऊल चार

बरोबर पकडलंत. दोघं सोडून कोणी खेळत नाही.

---

क्यूवाली

मी एका हॉलमध्ये वर्षभर जायचे, मग सोडलं. का, ते सांगते. वाकून फटका मारायला गेले की कोणीतरी मागून येणार: "मॅडम, हात असा ठेवा." एका संध्याकाळी तीन वेगवेगळ्या पुरुषांनी माझा डावा हात टेबलावर कसा ठेवायचा ते शिकवलं. तिघांचे हात तीन तऱ्हेचे. त्यातल्या एकाला मी आदल्या आठवड्यात हरवलं होतं.

भिंतीवर ठळक लिहा: विचारल्याशिवाय शिकवू नये. आणि दार काचेचं करा, आत उजेड ठेवा. बाहेरून आत काय चाललंय ते दिसलं पाहिजे. अंधारा जिना, धूर आणि पैज, एवढ्यावरच या खेळाला टवाळांचा अड्डा म्हणून नाव पडलंय. आईवडील मुलीला कशाला पाठवतील?

(उजेडावरून आठवलं, स्पर्धेच्या पूल टेबलावर ५२० लक्स इतका उजेड तरी लागतो. मोबाईलवर मोजता येतं, अगदी अचूक नसलं तरी अंदाज येतो.)

---

तेवीस

माझं टोपणनावच उत्तर आहे म्हणा. अमेरिकेत १९७९ मध्ये सुरू झालेली एक हौशी पूल लीग आहे, एपीए. तिथे एट-बॉलमध्ये (पूलचा प्रकार, आपले बॉल संपवून शेवटी काळा घालायचा) प्रत्येक खेळाडूला २ ते ७ अशी पायरी असते. ७ वाला आणि २ वाला भिडले तर ७ वाल्याने सात डाव जिंकायचे, २ वाल्याने फक्त दोन. म्हणजे नवख्याला खरोखर जिंकायची संधी असते आणि तरबेज माणसाला घाम फुटतो.

पण खरी गंमत पुढे आहे. सामन्यात एका संघाकडून पाच जण खेळतात आणि त्यांच्या पायऱ्यांची बेरीज २३ च्या वर जाऊ देत नाहीत. पाच दादा गोळा केले तर संघ मैदानात उतरूच शकत नाही. म्हणजे दोन-तीन तगडे घेतले की एखादा २, एखादा ३ शोधावाच लागतो. ज्या पोराला तुमच्याकडे खुर्चीत बसवलं, त्याला तिथे लोक फोन करून बोलावतात, "मंगळवारी येतोस ना? तुझ्याशिवाय बेरीज बसत नाही."

स्नूकरला हेच 'स्टार्ट' देऊन करता येतं. कच्च्या खेळाडूच्या नावावर फ्रेम (डाव) सुरू होण्याआधीच २०-३० गुण.

---

वाचनमात्रच बरा

भवितव्याबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहितो. आशियाई स्पर्धांत हा खेळ १९९८ पासून २०१० पर्यंत होता, मग गेला. ९८ ला गीत सेठी आणि अशोक शांडिल्य यांनी बिलियर्ड्स दुहेरीचं सुवर्ण आणलं होतं, नंतर पंकज अडवाणीने एकेरीचं दोनदा. ऑलिम्पिकमध्ये तर कधीच नव्हता. तेव्हा पदकांच्या आशेवर मुलं येतील असं धरू नका.

दुसरी बाजू: २०२५ मध्ये झाओ शिनतोंग स्नूकरचा पहिला चिनी जगज्जेता झाला. २००५ मध्ये डिंग जुनहुईने चायना ओपन जिंकली, त्या आधी तिथे या खेळाला आजची रया नव्हती. आणि त्या देशाने स्वतःचा एक खेळही वाढवला, हेबॉल. नऊ फुटी टेबल, पूलचे बॉल, पण पॉकेटची तोंडं स्नूकरसारखी गोलाकार कापलेली. सोपा दिसतो आणि माणसाला वेड लावतो. सांगायचा मुद्दा, लोक खेळाचं रूप बदलतात तेव्हा तो टिकतो. आपल्याकडे अजून विल्सन जोन्स १९५८ ला बिलियर्ड्सचे हौशी जगज्जेते झाले, तेही कुठल्याही खेळातले पहिले भारतीय, एवढं सांगून आपण गप्प बसतो. अभिमान आहेच, पण त्यावर टेबल भरत नाही.

अवांतर: स्नूकर जन्माला आला तोच जबलपूरच्या छावणीत, १८७५ साली. त्यामुळे हा 'साहेबाचा खेळ' म्हणणाऱ्यांनी जरा जपून.

---

कोपऱ्यातला बॉल

सगळ्यांचे मनापासून आभार. महिनाभराने येतोय, कारण आधी करून पाहायचं ठरवलं होतं.

'हरेल तो भरेल' बंद केलं. मामा दोन दिवस बोलले नाहीत. गेम यंत्रांचा विषय मी परस्पर मिटवला, मामांपर्यंत जाऊच दिला नाही. निवृत्त मार्कर, तुमची परीक्षा केली. बॉल दोन्ही वेळा खिडकीकडेच वळला, म्हणजे लेव्हल. आणि ब्रशचं तुम्ही जे लिहिलंत ते वाचून मी ज्याच्याकडे पाहिलं, तो पोऱ्या गालातल्या गालात हसत होता.

मंगळवारी संध्याकाळी लीग सुरू केली. चार-चार जणांचे दोन संघ, मी माणसं कमी म्हणून २३ ऐवजी १८ ची मर्यादा ठेवली. तो नऊ फटक्यांवाला मुलगा आठवतोय? त्याच्या मित्राकरवी निरोप धाडून त्याला बोलावून घेतलं, २ ची पायरी दिली. पहिला डाव गेला. दुसऱ्यात समोरच्याने वेळेआधीच काळा घातला आणि याला डाव फुकट मिळाला. पुढचा डाव मात्र त्याने स्वतः घातला. शेवटचा काळा पॉकेटच्या ओठावर थांबला, थरथरला आणि आत पडला. अख्ख्या हॉलने टेबलाच्या कडा बडवल्या. दोन झाले, सामना त्याचा.

आता नवीन अडचण. एक महाशय मुद्दाम खराब खेळतात, पायरी खाली राहावी म्हणून. महत्त्वाच्या सामन्यात मात्र बरोबर चमकतात. याला काय करायचं?

---

निवृत्त मार्कर

हे दुखणं जुनं आहे. हार-जीत बघून पायरी ठरवू नका. वही ठेवा आणि पाळ्या मोजा. डाव जिंकायला त्याने किती पाळ्या घेतल्या, ते लिहा. ज्या पाळीत त्याने बॉल घालायचा प्रयत्न न करता समोरच्याला फटका मिळू नये म्हणून मुद्दाम लपवाछपवी केली, ती वेगळी खूण करून बेरजेतून वजा करा. सात-आठ सामन्यांत माणूस उघडा पडतो. हरणं खोटं करता येतं, पण जिंकताना किती पाळ्या लागल्या ते झाकता येत नाही.

फक्त वहीवर बसणारा माणूस खेळणारा नको. आणि खेळ कळणारा हवा, नाहीतर लपवाछपवी आणि बॉल घालायचा हुकलेला फटका यांतला फरक त्याला दिसणार नाही.

---

कोपऱ्यातला बॉल

असा माणूस घरातच आहे. मामांना विचारलं. म्हणाले, "जिना चढवायला कोणीतरी ये, मग बघू." कालच्या मंगळवारी दोघांनी धरून वर आणलं. खिडकीजवळच्या खुर्चीत बसून त्यांनी तीन तास वही लिहिली, आणि ते महाशय पहिल्याच रात्री दोन पायऱ्या वर गेले. नियमाने सात-आठ सामने थांबायला हवं होतं, पण मामांपुढे कोण बोलणार.

स्लेटचा कारागीर येत्या शनिवारी येतोय. पाच तुकडे उघडल्यावर आतली अवस्था काय निघते ते इथे लिहीन.