मदत हवी आहे : लष्करी विमानासह बेपत्ता झालेल्या आजोबांची नोंद कोठे मिळेल?

गिरणाकाठ
नमस्कार. माझ्या आजोबांचे थोरले बंधू सैन्यात होते आणि ते ज्या विमानाने निघाले ते हिमालयात बेपत्ता झाले. चाळीसगाव तालुक्यातील आमच्या गावात सैनिकांच्या नावांचा फलक 26 जानेवारीला उभा राहणार असून, त्यांचे नाव घालण्यासाठी लेखी पुरावा मागितला जात आहे. ते विमान कोणते होते आणि त्याची अधिकृत नोंद कोणाकडे मागावी, हे जाणकारांनी कृपया लवकर सांगावे. त्यांची धाकटी बहीण हयात आहे आणि तिच्या हयातीत हे नाव लागावे अशी आमची मनापासून इच्छा आहे.

भुसावळ जंक्शन
ताई, सन कोणते, पलटण कोणती आणि विमान कोठून कोठे चालले होते, यांपैकी काहीच आपण लिहिलेले नाही. हिमालयात आपली लष्करी मालवाहू विमाने एकदाच पडलेली नाहीत. 1968 मध्ये लेहकडे गेलेले एएन-12 हरवले, तर 2009 आणि 2019 मध्ये अरुणाचलातील मेचुकाच्या मार्गावर एएन-32 जातीची विमाने कोसळली आणि दोन्ही वेळा प्रत्येकी 13 जण गेले. निदान दशक तरी सांगावे.

तापीतीर
पूर्व हिमालयाचा विषय निघाला आहे म्हणून लिहितो. दुसऱ्या महायुद्धात आसामातील चबुआ, दिनजान, जोरहाट या धावपट्ट्यांवरून चीनला रसद नेताना मित्रराष्ट्रांची सुमारे 600 विमाने गेली आणि त्यांतील काहींचे अवशेष अरुणाचलाच्या जंगलांत अजूनही सापडतात. आपले आजोबा त्या काळातील असतील, तर शोध अमेरिकी नोंदींपासून सुरू करावा.

शिरपूरकर
माझा सल्ला वेगळा आहे. सात वर्षे ठावठिकाणा न लागलेल्या व्यक्तीला कायदा मृत मानतो. दिवाणी न्यायालयातून तसे घोषित करून घ्यावे, म्हणजे ग्रामपंचायतीला हरकत घेता येणार नाही.

गिरणाकाठ
न्यायालयाचा प्रश्नच येत नाही. सैन्याने त्यांना मृत मानून पणजीला निवृत्तिवेतन दिले होते. ते कागद 2021 च्या पुरात पेटीसकट भिजून गेले. गोष्ट महायुद्धातील नाही, स्वातंत्र्यानंतरची आहे. सन घरात कोणालाच सांगता येत नाही, परंतु आत्याआजीला पक्के आठवते की कोयनेचा भूकंप होऊन गेला होता, संक्रांतीला ते सुटीवर घरी होते आणि परत जाताना त्यांचे शेवटचे कार्ड चंदीगडहून आले.

जुना वायुसैनिक, धुळे
ताई, हे तीन धागे आपण पहिल्याच लेखनात द्यायला हवे होते, कारण ते तिन्ही एकाच ठिकाणी जाऊन मिळतात. कोयनेचा भूकंप 11 डिसेंबर 1967 चा. त्यानंतर 7 फेब्रुवारी 1968 रोजी वायुसेनेचे एएन-12 हे चार इंजिनांचे विमान चंदीगडहून लेहला निघाले, त्यात 102 जण होते. हिवाळ्यात लडाखचे रस्ते बर्फाने बंद असतात, त्यामुळे रजेवरून परतणाऱ्या जवानांना चंदीगडला विमानाची वाट पाहावी लागे. आपल्या आजोबांचे कार्ड तेथूनच का आले असावे, हे त्यावरून कळते. लेहजवळ पोचल्यावर हवामान इतके बिघडले की वैमानिकाने माघारी फिरण्याचा निर्णय घेतला आणि रोहतांग खिंडीच्या आसपास संपर्क तुटला.

पुढची 35 वर्षे काहीच सापडले नाही. 2003 मध्ये मनालीच्या गिर्यारोहण संस्थेच्या पथकाला हिमाचल प्रदेशातील ढाका हिमनदीवर अवशेष दिसले आणि शिपाई बेली राम यांचा देह ओळखता आला. हिमनदी स्वतः सरकत असते, त्यामुळे जे वर गाडले गेले ते अनेक वर्षांनी खाली, भलत्याच जागी उघडे पडते. म्हणूनच डोग्रा स्काउट्सच्या जवानांनी तेथे वारंवार मोहिमा केल्या. 2019 पर्यंत पाच देह मिळाले होते आणि 2024 मध्ये आणखी चार मिळाले. त्यांपैकी थॉमस चेरियन यांची ओळख अंगावरच्या कागदपत्रांवरून पटली. छप्पन्न वर्षे बर्फात राहिलेला कागद वाचता यावा, याचे मला आजही नवल वाटते.

भुसावळ जंक्शन
काका, माहिती मोलाची आहे, परंतु दर वेळी दोष हवामानावर टाकणे मला पटत नाही. 2016 मध्ये चेन्नईजवळच्या तांबरमहून पोर्ट ब्लेअरला निघालेले एएन-32 बंगालच्या उपसागरात 29 जणांसह गेले आणि त्याचे अवशेष 2024 मध्ये 3,400 मीटर खोलीवर आढळले. 1980 च्या दशकात घेतलेली विमाने किती काळ उडवायची, हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

जुना वायुसैनिक, धुळे
तो प्रश्न जरूर विचारावा, पण वय हे एकच कारण धरू नये. 2014 मध्ये ग्वाल्हेरजवळ पडलेले सी-130जे नवे कोरे म्हणावे असेच होते आणि त्यातील पाचही जण गेले. कमी उंचीवरील सरावात ते पुढच्या विमानामागे उठलेल्या हवेच्या भोवऱ्यात सापडले. 1968 चे एएन-12 सुद्धा तेव्हा फार जुने नव्हते, कारण ही जात आपल्याकडे 1961 मध्ये आली. डोंगरात खिंडीतून वळताना वैमानिकाला जागाच थोडी असते, आणि ढगांत कडा दिसत नाही.

शिरपूरकर
मग मूळ अडचण निराळी आहे. युद्धात पाडलेले विमान आणि अपघातात पडलेले विमान यांत सैन्य भेद करते. 2014 मध्ये युक्रेनचे आयएल-76 लुहान्स्कला उतरताना पाडले गेले आणि 49 जण गेले, ती लढाईतील हानी झाली. येथे शत्रू नव्हता. वीरगती प्राप्त झालेल्यांच्या फलकावर हे नाव कसे बसेल?

तापीतीर
हा निकष मला अन्यायाचा वाटतो. 1962 मध्ये एएन-12 विमानांनी लडाखमधील चुशूलला रणगाडे उतरवले, तेव्हा ती विमाने युद्धच लढत होती. त्याच हवाई मार्गाने पुढे सीमेवरची ठाणी जगवली. त्या वाटेवर कामावर जाताना गेलेल्या माणसाला गावाने बाजूला ठेवू नये.

गिरणाकाठ
फलक सेवेत असताना निधन पावलेल्या सर्वच सैनिकांचा आहे, त्यामुळे हा वाद येथे थांबवावा अशी विनंती आहे. मला फक्त कार्यालयाचे नाव हवे आहे.

जुना वायुसैनिक, धुळे
त्यासाठी सेवाक्रमांक आणि पलटण लागेल. घरात पदक असेल तर त्याची कड भिंगाखाली पाहावी, तेथे क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. कागद भिजतात, धातू राहतो.

गिरणाकाठ
आत्याआजीच्या देव्हाऱ्यात 1965 चे रक्षा पदक मिळाले. क्रमांक स्वच्छ वाचता येतो आणि नावापुढे ई.एम.ई. असे कोरलेले आहे.

जुना वायुसैनिक, धुळे
उत्तम. ई.एम.ई. म्हणजे सैन्याची यंत्रे व वाहने दुरुस्त करणारी शाखा, म्हणजेच कोअर; तिचे अभिलेख कार्यालय सिकंदराबादला आहे. वायुसेनेकडे जाऊ नका, कारण विमान त्यांचे असले तरी जवानाची सेवानोंद त्याच्या कोअरकडे राहते. अर्ज जळगावच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत द्यावा, सोबत पदकाच्या कडेचे छायाचित्र आणि आत्याआजींशी नाते दाखवणारा कागद जोडावा, आणि पोच घ्यावी. अर्जात 1968 च्या विमानाचा उल्लेख स्वतःहून करू नये. मृत्यूची तारीख, ठिकाण आणि कारण यांचा नोंदीतील उतारा तेवढा मागावा, म्हणजे आपला तर्क बरोबर की चूक हे त्यांच्याच कागदावरून ठरेल. उतारा 26 जानेवारीपर्यंत न आल्यास पोचपावती ग्रामपंचायतीला दाखवून फलकावर नाव, हुद्दा आणि पलटण कोरून घ्यावी, आणि तारखेपुरती जागा मोकळी ठेवण्यास सांगावे.